नस काढलेला दांत कां दुखतो?

दांताची नस काढून आलेल्या माणसाला घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. संध्याकाळीं दवाखान्यांतून परततांना गाल बधिर असतो, ओठ जड वाटतो, आणि गृहस्थ मोठ्या समाधानानें सांगतात कीं काम एकाच बैठकींत उरकलें, आतां पुन्हां जावयास नको. रात्रीं नऊच्या सुमारास भूल उतरते व त्याच दाढेंत ठणका सुरू होतो. जेवण अर्धवट टाकून ते गाल धरून बसले म्हणजे कोणी तरी विचारतेंच, "अहो, नसच काढून टाकली ना? मग दुखतें तें काय?" लगेच दुसऱ्या कोणाला शेजारच्या काकूंची आठवण होते. त्यांचें हेंच काम तीन बैठकांत झालें होतें आणि त्यांना एक गोळीहि घ्यावी लागली नव्हती. मग सर्वांचें एकमत होतें कीं दंतवैद्यांनीं घाई केली.

या घरगुती बोलण्यांत दोन निरनिराळे प्रश्न एकत्र मिसळले आहेत. नस नसलेला दांत दुखतो कसा, हा एक. आणि तेंच काम एका बैठकींत केल्यानें तें अधिक दुखतें काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर दांताच्या रचनेंत आहे. दुसऱ्यासाठीं दंतवैद्यांनीं गेलीं कित्येक वर्षें हजारो रोग्यांवर चाचण्या केल्या आहेत, आणि त्यांतून निघालेलें उत्तर घरांतील तर्कापेक्षां बरेंच निराळें आहे.

दांत बाहेरून दिसतो तसा भरीव दगड नव्हे. वरचें पांढरें चकचकीत कवच म्हणजे एनॅमल. मानवी शरीरांत त्याहून कठीण पदार्थ दुसरा नाहीं. त्याच्या आंत डेंटीन नांवाचा हाडासारखा थर असतो आणि अगदीं मध्यभागीं एक अरुंद पोकळी असते. या पोकळींत मऊ, गुलाबी गर भरलेला असतो. रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि त्यांना सांवरून धरणारें नाजुक जाळें, असें हें मिश्रण आहे. बोलण्यांत आपण जिला नस म्हणतों ती म्हणजे हा सगळा गर. ही पोकळी मुळांतून बारीक नळीच्या रूपानें पुढें जाते आणि मुळाच्या टोंकाशीं असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून जबड्याच्या हाडाकडे उघडते. समोरच्या दांतांत बहुधा एकच नळी असते, दाढांत तीन किंवा चार. त्या सरळहि नसतात. कोठें वांकलेल्या, कोठें फांटे फुटलेल्या, कोठें दोन एकत्र येऊन पुन्हां दुभंगलेल्या.

बोट ठेंचलें तर तें सुजतें, कारण त्वचेला ताणतां येतें. दांतांतील गर सुजूं लागला तर त्याला फुगावयास जागाच नसते. चोहोंकडून कठीण भिंती आणि बाहेर जाण्याचा मार्ग सुईच्या अग्राएवढा! आंतला दाब वाढतो आणि तो असह्य ठणका सुरू होतो. त्यांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं गरांतील मज्जातंतू वेदना कळवितात, पण ती कोणत्या दांताची हें नीट सांगत नाहींत. म्हणूनच रोगी वरच्या दाढेवर बोट ठेवतो आणि कीड खालच्या दाढेंत निघते. दांताची जागा ओळखण्याचें काम दुसऱ्याच मज्जातंतूंकडे असतें. मूळ आणि हाड यांच्यामध्यें तंतूंचा एक अगदीं पातळ पडदा असतो. दांत हाडांत ठोकलेला नसून या पडद्यांत तोलून धरलेला असतो. भातांतला खडा कोणत्या दांताखालीं आला हें तत्क्षणीं समजतें तें या पडद्यामुळें.

रूट कॅनॉल उपचारांत निघतो तो गर. पडदा आणि त्याचे मज्जातंतू जागच्या जागीं शाबूत राहतात, आणि उपचारानंतर दुखतो तो हाच पडदा व त्याभोंवतालचें हाड. दुखण्याचें स्वरूपहि त्यामुळें बदलतें. पूर्वीं गार पाणी लागलें कीं कळ येई. आतां चावल्यावर, बोटानें दाबल्यावर दुखतें, आणि कोणता दांत दुखतो हें रोग्याला नेमकें दाखवितां येतें.

पडदा दुखावतो कशानें? उपचारांत प्रथम भूल देऊन दांताला वरून छिद्र पाडतात, बारीक कानशीसारख्या सुयांनीं गर खरवडून काढतात, नळ्या रुंद करतात, औषधी पाण्यानें धुतात आणि शेवटीं गटापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकाच्या काड्यांनीं त्या भरून बंद करतात. सुई पुढें सरकतांना नळींतील केर, मेलेल्या गराचे कण आणि त्यांतील जंतू, यांपैकीं थोडा अंश टोंकाच्या छिद्रांतून पलीकडे ढकलला जातोच. कितीहि कुशल हात असला तरी तो मुळींच जाऊं नये असें होत नाहीं. कधीं सुईच अर्धा मिलिमीटर पुढें जाते. धुण्याचें पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या जखमा धुण्यासाठीं हेन्री डेकिन यांनीं प्रचारांत आणलेलें हें द्रव्य जंतूंना व मेलेल्या गराला विरघळविण्यांत अप्रतिम, पण तें टोंकाबाहेर गेलें तर जिवंत मांसालाहि तितकेंच जाळतें. या सर्वांमुळें पडद्याला सूज येते. आणि तात्पुरतें सिमेंट केंसभर जरी उंच राहिलें, तरी दर घांसाला तोच सुजलेला दांत प्रथम दाबला जातो.

आतां बैठकांच्या प्रश्नाकडे वळूं. हें काम अनेक खेपांत करण्याची चाल जुनी असून तिच्या मागें कारणें होतीं. सन १८३८ मध्यें अमेरिकेंतील एडवर्ड मेनर्ड यांनीं घड्याळाची स्प्रिंग घांसून नळी साफ करण्याचें पहिलें हत्यार बनविलें. त्या काळीं दांत बधिर करण्याची सुई नव्हती. गर मारण्यासाठीं दांतांत सोमल भरीत, आणि तो मरेपर्यंत रोग्याला घरीं पाठवीत! एवढ्यानेंच दोन खेपा ठरलेल्या. पुढें १८६४ मध्यें न्यूयॉर्कच्या सॅन्फर्ड बार्नम यांनीं लाळेपासून दांत अलग ठेवणारा रबराचा पडदा काढला, १८९६ पासून क्ष-किरणांनीं मूळ दिसूं लागलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं नोव्होकेनची सुई आली. तरी खेपा कमी झाल्या नाहींत, कारण मध्यंतरीं जंतूंची भीति शिरली होती. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनीं १९१० सालीं माँट्रिअल येथील व्याख्यानांत सडक्या मुळांवर सोनें चढविणाऱ्या दंतवैद्यांवर कडक टीका केली. त्यानंतर संधिवातापासून अनेक रोगांचें खापर दांतांवर फुटूं लागलें आणि असंख्य दांत निष्कारण उपटले गेले. जे थोडे लोक दांत वांचवीत राहिले, ते नळींतील द्रव प्रयोगशाळेंत तपासून जंतु नाहींत अशी खात्री पटेपर्यंत नळी भरीत नसत. बैठका तीन, चार, कधीं त्याहूनहि अधिक होत.

भीति अतिरेकी होती, पण जंतूंवरचा संशय खरा होता. तो सिद्ध झाला बऱ्याच उशिरां. अमेरिकेंतील काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेरल्ड यांनीं १९६५ सालीं उंदरांच्या दाढांना छिद्रें पाडून आंतील गर उघडा केला. साध्या उंदरांत तो गर सडून गेला. जन्मापासून जंतुरहित वातावरणांत वाढविलेल्या उंदरांत तो जगला, इतकेंच नव्हे तर छिद्रावर नवा थर धरूं लागला. अन्नाचे कण दोन्ही ठिकाणीं शिरले होते. फरक होता तो केवळ जंतूंचा. पुढें स्वीडनमधील संशोधकांनीं दाखविलें कीं सुयांनीं आणि पाण्यानें नळी धुतली म्हणजे जंतु पुष्कळ घटतात, तरी कांहीं मागें राहतातच. आणि नळींत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवल्यास उरलेले बहुतेक मरतात. हें औषध म्हणजे दुसरें कांहीं नसून विड्याच्या पानाला लावतात तो चुनाच, अर्थात् शुद्ध केलेला. बायस्ट्रोम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चुना भरलेल्या ३५ नळ्यांपैकीं ३४ जंतुमुक्त झाल्या. नंतरच्या सर्व प्रयोगांत इतकें यश आलें नाहीं, पण दोन बैठकांमध्यें चुना भरून आठवडाभर थांबण्याची रीत यावरच उभी राहिली.

एका बैठकीचा पक्ष बळावला तो हत्यारांमुळें. नळीची लांबी विजेच्या साह्यानें मोजण्याचें यंत्र जपानमधील सुनादा यांच्या १९६२ सालच्या कामांतून पुढें आलें. निकल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या सुया १९८८ सालीं प्रथम वर्णिल्या गेल्या. पोलादी सुई वांकड्या नळींत अडते किंवा भिंत कापते, ही नवी सुई वळणाबरोबर वळते, आणि यंत्रावर बसवून फिरवितां येते. ज्या दाढेला पूर्वीं दोन तास लागत ती तासाभरांत साफ होऊं लागली. मग दंतवैद्यांनीं विचारलें, आंत स्वच्छ झालेलें असतांना पुन्हां बोलवावें कशासाठीं? गर जिवंत असतांना तो काढला असेल तर खोल नळींत जंतु बहुधा पोंचलेलेच नसतात. तेथें चुना भरून वाट पाहण्यांत अर्थ तो काय?

हा वाद मताचा राहूं नये म्हणून चाचण्या झाल्या. रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडावयाचे, एकांचें काम एका बैठकींत, दुसऱ्यांचें अनेक बैठकांत, आणि मग दुखण्याची नोंद ठेवावयाची. वैद्यकीय चाचण्यांचें संकलन करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनें २०२२ सालीं अशा ४७ चाचण्या एकत्र तपासल्या. रोग्यांची एकूण संख्या पांच हजारांवर होती. दांत बरा होण्याच्या दृष्टीनें, म्हणजे वर्षभरानें क्ष-किरणांत हाड भरून आलेलें दिसतें कीं नाहीं या कसोटीवर, दोन पद्धतींत फरक असल्याचा पुरावा मिळाला नाहीं. पहिल्या तीन दिवसांतील दुखण्यांतहि ठळक फरक दिसला नाहीं. मात्र पहिल्या आठवड्यांत केव्हां ना केव्हां दुखल्याचें सांगणारे रोगी एका बैठकीच्या गटांत कांहीसे अधिक निघाले. शेजारच्या काकूंच्या बाजूनें बोलावयाचें तर एवढेंच बोलतां येतें, आणि तें अगदींच खोटें नाहीं.

पण या "अधिक"चा अर्थ समजून घेतला पाहिजे. तीन बैठकांच्या रोग्याचें दुखणें मोजावयाचें तें कोणत्या बैठकीनंतरचें? पहिल्या बैठकीनंतर तो दोन दिवस कण्हला आणि शेवटच्या बैठकीनंतर मुळींच नाहीं, तर त्याला दुखलें म्हणावयाचें कीं नाहीं? निरनिराळ्या संशोधकांनीं हें निरनिराळ्या तऱ्हेनें मोजलें आहे. शिवाय आपल्याला किती वेळां बोलावलें हें रोग्यापासून लपवितां येत नाहीं, आणि दुखण्याचें माप तर त्याच्याच तोंडून घ्यावयाचें! "एकदांच उरकलें, आतां दुखणार" अशा भीतीनें घरीं गेलेल्या माणसाला थोडी कळहि मोठी वाटते. म्हणून या आंकड्यांकडे दिशा दाखविणारे म्हणून पाहावें. त्यांवरून दंतवैद्याला दोषी ठरवूं नये.

बैठकांच्या संख्येपेक्षां दुखण्याशीं अधिक घट्ट संबंध असलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती म्हणजे उपचारापूर्वींचें दुखणें. पाक व व्हाइट यांनीं २०११ सालीं अनेक निबंधांचा मेळ घातला, त्यांत उपचारापूर्वीं शेंकडा ८१ रोग्यांना दुखत होतें. चोवीस तासांनंतर ४० जणांना आणि सात दिवसांनंतर ११ जणांना. वेदनेची तीव्रता तर याहूनहि झपाट्यानें उतरली होती. म्हणजे दुसऱ्या दिवशीं दुखणें हें शंभरांत चाळिसांच्या वांट्याला येतें. तें काम बिघडल्याचें लक्षण नव्हे. खरोखरीचा भडका, म्हणजे असह्य ठणका किंवा सूज येऊन ठरल्या वेळेआधीं दवाखाना गांठावा लागणें, हा प्रकार क्वचित्. वॉल्टन व फुआद यांनीं १९९२ सालीं ९४६ बैठकांची पाहणी केली तींत तो शेंकडा तीनांच्या किंचित् वर होता, आणि तोहि मुख्यतः ज्यांचा दांत आधींच फार दुखत होता किंवा ज्यांचा गर मेलेला होता अशांमध्यें. गृहस्थांची दाढ आठवडाभर ठणकत होती आणि काकूंचा दांत न दुखतांच केवळ क्ष-किरणांत बिघडलेला सांपडला होता, एवढ्यानेंच दोघांच्या अनुभवांतील बहुतेक फरकाचा उलगडा होऊं शकतो.

मग सर्वच दांत एका बैठकींत उरकावे काय? तसेंहि नाहीं. स्वीडनमधील शोग्रेन यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेलें काम येथें मोलाचें आहे. मुळाशीं रोग असलेले ५५ दांत त्यांनीं एकाच बैठकींत भरले, पण भरण्यापूर्वीं प्रत्येक नळींतील द्रव तपासणीस घेऊन ठेवला. पांच वर्षें पाठपुरावा केल्यावर असें दिसलें कीं भरण्याच्या वेळीं जंतु सांपडले नव्हते अशांपैकीं शेंकडा ९४ बरे झाले. जंतु सांपडले होते अशांपैकीं ६८. बैठक सर्वांची एकच, निकाल मात्र जंतूंनीं ठरविला. म्हणून मुळाशीं पू झालेला, नळींतून स्राव थांबतच नाहीं असा दांत त्याच दिवशीं बंद करणें अयोग्य. ओल्या नळींत भरण घट्ट बसत नाहीं. पूर्वीं भरलेला आणि पुन्हां बिघडलेला दांत, वांकड्या व चिंचोळ्या नळ्या, तासभर तोंड उघडें ठेवूं न शकणारा वृद्ध रोगी, यांनाहि सावकाशीच बरी. उलट जिवंत गर, एकच सरळ नळी, पुरेसा वेळ असें असतांना तीनदां बोलावणें म्हणजे रोग्याला तीनदां भूल, तीनदां रजा आणि तीनदां भाडें. परगांवाहून येणाऱ्याला तर तें परवडतहि नाहीं.

दुखण्यावरील उपायांत घरोघर मोठा गोंधळ असतो. पहिली गोळी भूल उतरण्यापूर्वींच घेतलेली बरी. दंतवैद्य बहुधा आयब्युप्रोफेन, कधीं त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल देतात. हीं दोन निरनिराळ्या मार्गांनीं काम करीत असल्यामुळें एकत्र अधिक गुणकारी ठरतात. पण पोटांत व्रण, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असेल तर आयब्युप्रोफेन विचारल्यावांचून घेऊं नये. पावसाळ्यांत डेंग्यूचा संशय असतांनाहि तें वर्ज्यच. घरांत उरलेल्या अँटिबायॉटिकच्या दोन गोळ्या घेऊन टाकणें ही तर सर्रास चूक. साध्या दुखण्यावर त्यांचा उपयोग होत नाहीं, असें अमेरिकन डेंटल असोसिएशननें २०१९ सालच्या मार्गदर्शनांत स्पष्ट सांगितलें आहे. सूज पसरूं लागली, ताप आला, तरच त्यांचें काम. लवंगेच्या तेलाबद्दल आजीबाईंचा विश्वास चुकीचा नव्हता. त्यांतील युजेनॉल दंतवैद्य तात्पुरत्या सिमेंटांत आजहि वापरतात. पण तें गुण देई तें किडलेल्या खळग्यांतून जिवंत गराजवळ पोंचून. बंद केलेल्या दांतावर बोळा ठेवल्यास तें मुळाच्या टोंकापर्यंत जात नाहीं, हिरडी मात्र भाजते. दांत मिटतांना तोच प्रथम लागत असेल तर गोळ्या खात बसण्यापेक्षां दवाखान्यांत जाऊन सिमेंट घांसून घ्यावें. पांच मिनिटांचें काम आहे. गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजला, तोंड उघडेना, गिळतांना त्रास होऊं लागला, तर रात्र काढूं नये; श्वास अडूं लागल्यास थेट इस्पितळ गांठावें.

अनेक बैठकांच्या पद्धतींत धोका वेदनेचा नसून वेदना थांबण्याचा आहे. पहिल्या बैठकींत गर निघतो, ठणका जातो, आणि दुसरी तारीख लग्नसराईंत किंवा मुलांच्या परीक्षेंत हरवते. दांतांत असतें तें तात्पुरतें सिमेंट. तें कांहीं आठवड्यांच्या बोलीनें भरलेलें असतें. झिजतें, कडेनें फटी पडतात, आणि लाळेबरोबर जंतु पुन्हां आंत उतरतात. आंत भरलेला चुनाहि तोंवर विरून गेलेला असतो. गर नसल्यामुळें दांत आतां सूचनाहि देत नाहीं. सहा महिन्यांनीं कळतें तें एकदम हिरडीवर फोड आल्यावर. पुष्कळदां त्याआधींच, मधून पोखरलेली ती दाढ कांहीं कठीण चावतांना उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली कीं ती काढण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. काम एका बैठकींत होवो वा तीन बैठकांत, दाढेवर कायमचें भरण आणि कॅप बसेपर्यंत त्या बाजूनें सुपारी, चणे, कडक चकली खाऊं नये असें दंतवैद्य बजावून सांगतात तें यासाठींच.